बाईसाहेबांचा उलटा काटा

बाईसाहेब तपासणीत पास झाल्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गाडी पास झाली की नाही एवढ्याच काळजीपोटी लोक मधले हाल घाईघाईने गिळतात, आणि हाल ही सावकाश चघळायची वस्तू आहे. तर पास झाल्या. आता हे मी सांगितलं नाही आणि तुम्ही ऐकलं नाही, असं दोन्ही पक्षांनी धरून चालावं. गाडी नापास आहे. नुसती नापास नाही. पुन्हा नापास झाली तर नंबरपाटी काढून तिला भंगारात पाठवावं असा शेरा कागदावर बसलेला आहे, आणि तो कागद धरून जावईबापू तपासणी कार्यालयाच्या पायरीवर, स्वतःचीच दाढ काढून हातात दिलेल्या माणसासारखे उभे आहेत.

'तिला' म्हटलं ते चुकलंच. या घरात गाडीला एकवचन वापरायची पद्धत नाही. गाडी सासऱ्यांची. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत आणि अप्पा गाडीला बाईसाहेब म्हणत. "बाईसाहेब तापल्या." "बाईसाहेबांना आज चढ नको." गोल पाठ, बटबटीत डोळे आणि पुढे क्रोमची अशी जाळी की कुणीतरी ओठ आवळून राग गिळतंय. स्वतःच्या मुलाला अप्पा 'गाढवा' म्हणत. जावयाला 'अहो' म्हणत, पण त्या 'अहो'त अशी काही खुबी होती की त्यापेक्षा गाढवा परवडला असता.

डोळे अधू झाल्यावर अप्पांनी किल्ली जावयाच्या हातात ठेवली तेव्हा घरात सगळेच चकित झाले. अप्पांनी कारण दिलं की मुलगा हुशार आहे, तो गाडीत काहीतरी सुधारणा करेल. जावयाकडून तसा धोका नाही. या वाक्यात आपला गौरव नेमका कुठे आहे हे जावईबापू बरेच दिवस शोधत होते. वर अप्पांनी शब्दही घेतला: बाईसाहेबांच्या अंगाला परकी वस्तू लागता कामा नये. जावईबापूंनी शब्द दिला. ते विमा कंपनीत होते, लोकांचे दावे नामंजूर करण्याच्या टेबलावर. शब्द देण्याचे परिणाम त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? तरी दिला, कारण अप्पांनी एकदा, आयुष्यात एकदाच, "जावई कामाचा निघाला" असं म्हणावं ही त्यांची लग्नापासूनची इच्छा होती. आजवरचा उच्चांक "बरा आहे" हा होता, आणि तोही बुटांबद्दल होता असा बायकोला संशय होता.

अप्पा बाईसाहेबांबरोबरच लेकीकडे राहायला आले. रोज संध्याकाळी ते दारासमोर उभ्या गाडीत जाऊन बसत, जावयाला इंजिन चालू करायला लावत आणि भिंग लावून डॅशबोर्डावरचा करंटचा काटा बघत. बॅटरीत वीज भरत असेल तर हा काटा अधिककडे कलतो, बॅटरी रिकामी होत असेल तर उण्याकडे. बाईसाहेबांचा काटा उभ्या गाडीत कायम उण्याकडे. कारण त्यांना डायनॅमो होता, जुना, दुधीभोपळ्याच्या आकाराचा. डायनॅमोचा स्वभाव असा की इंजिन जोरात पळालं तरच तो वीज करणार. इंजिन संथ झालं की त्याचाही डोळा लागणार. मग दिवे बॅटरीवर जगतात, पिवळे पडतात, आणि गाडी समोरचा रस्ता आठवणीने ओळखते. अप्पांच्या मते हा बिघाड नव्हता, बाईसाहेबांची विश्रांती होती.

तपासणीच्या साहेबांना हे तत्त्वज्ञान पटलं नाही. त्यांचं खातं 'दिवे व मीटर'. इंजिन संथ ठेवून दिवे लावा म्हणाले. लावले. ते लागलेत की नाहीत हे बघायला साहेबांना काचेला हात लावून ऊब आहे का पाहावं लागलं. शेरा लिहिताना त्यांनी 'दिवे मंद' असं लिहिलं आणि जावईबापूंकडे एकदा बघून पुढे 'इत्यादी' असं जोडलं. ते 'इत्यादी' जावईबापूंच्या फार जिव्हारी लागलं.

अप्पा म्हणाले, परक्या माणसासमोर बाईसाहेब लाजल्या. पुढच्या वेळी आपण स्वतः येणार. पास झाल्या तर बघायला, नाहीतर निरोप द्यायला. एवढं बोलून ते जेवणाच्या ताटावर बसले आणि भाजीत मीठ नाही हे त्यांनी सांगितलं नाही. बायकोने जावईबापूंना स्वयंपाकघरात बोलावलं. "अप्पा भाजीला काही बोलले नाहीत," ती म्हणाली. "काहीतरी कर."

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचे गोळीवाले डॉक्टर साखरेच्या गोळ्या देत आणि त्यांचं ज्ञान सर्व सजीव-निर्जीवांना लागू पडे. जुन्या देहाला एकदम जास्त वीज देऊ नका, म्हणाले. टॉर्चच्या सेलपासून सुरुवात करा, थेंबाथेंबाने वाढवा. मेहुण्याचा फोन आला. तो हुशार असल्यामुळे त्याने गाडी विकून टाका म्हणून सांगितलं. खुद्द कार्यालयात जावईबापूंनी विचारलं की चार्जिंगची यंत्रणाच बदलली तर चालेल का. खिडकीमागून उत्तर आलं की चालेल, परवानगी मिळेल, फक्त काढून टाकलेला भाग चालू स्थितीत आणून दाखवावा लागेल. चालू असता तर काढला कशाला असता, असं जावईबापू म्हणाले. मग काढू नका, खिडकी म्हणाली, आणि बंद झाली.

शेवटी ते झटकेमास्तरांकडे गेले. झटकेमास्तर गाड्यांच्या वायरिंगचं काम करत. करंट आहे की नाही हे ते बोटाने बघत, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मधूनमधून उगाच जोर येई. त्यांनी डायनॅमो पाहिला आणि टोपी काढली. मग म्हणाले, याला निवृत्त करा आणि आल्टरनेटर बसवा. इंजिन जांभया देत असलं तरी तो वीज करतो. इतकी वीज करतो की दिवे लावून वर अजून कुणाचं तरी भलं करता येईल. जावईबापूंनी दिलेला शब्द सांगितला. झटकेमास्तरांनी विचारलं, म्हाताऱ्यांना दिसतं का. भिंगातून, तेही फक्त काटा, जावईबापू म्हणाले. "मग शब्द बॉनेटखाली ठेवू," झटकेमास्तर म्हणाले.

अप्पा डोळ्यांच्या तपासणीसाठी थोरल्या लेकीकडे गेले आणि दारात शस्त्रक्रिया सुरू झाली. डायनॅमो बाहेर आला तेव्हा गोळीवाल्या डॉक्टरांनी त्याच्यावर कापड टाकलं. आल्टरनेटर त्याच्या जागी बसेना. दोघांचे बांधे वेगळे. त्याला धरून ठेवायला जाड लोखंडी पट्टी हवी होती, आणि झटकेमास्तरांना तशी पट्टी बाजारात कुठेही मिळाली नाही, कारण ते बाजारात गेलेच नाहीत. पाणी प्यायला घरात आले आणि निजायच्या खोलीतल्या लोखंडी पलंगाखाली ती त्यांना दिसली. त्या रात्रीपासून जावईबापूंचा संसार डावीकडे कलला. बायको भिंतीच्या बाजूला झोपे, ती सकाळी जावईबापूंच्या अंगावरून घरंगळून थेट स्वयंपाकघराच्या दिशेने उठे. तिने यावर एकच प्रश्न विचारला: परकी वस्तू म्हणजे नक्की काय, कारण आता बाईसाहेबांच्या पोटात तिच्या माहेरचा पलंग आहे.

पुढची अडचण शास्त्रीय होती. बाईसाहेबांच्या काळात बॅटरीची अधिकची तार गाडीच्या अंगाला जोडायची रीत होती. आल्टरनेटरला उण्याची तार अंगाला लागते. म्हणजे सगळी वीज उलट्या दिशेने फिरवायची. हे ऐकून जावईबापूंच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं एका वाटेने गेलेल्या विजेला आता तोंड फिरवून परत यायला सांगणं त्यांना धाडसाचंच नव्हे, थोडं उद्धटपणाचं वाटलं. झटकेमास्तर म्हणाले, दिव्यांना काही फरक पडत नाही, दिवे कुठूनही आलेली वीज खातात. फरक पडला तो पंख्याला. अप्पांनी पूर्वी सासूबाईंसाठी डॅशबोर्डावर एक छोटा पंखा बसवला होता. तो उलटा फिरू लागला आणि आतली हवा ओढून काचेवर टाकू लागला. त्यावर उपाय म्हणून त्याला उलटा करून बसवला. आता तो प्रवाशांकडे पाठ करून रुसल्यासारखा बसे, पण वारा देई. बऱ्याच घरांत असं चालतं.

दुसरा फरक करंटच्या काट्याचा. वीज उलटली की तोही उलटं सांगणार, म्हणून त्याच्या मागच्या दोन तारांची अदलाबदल करायची. हे काम सोपं होतं आणि त्यामुळेच ते दोघांनीही केलं. झटकेमास्तरांनी सकाळी तारा बदलल्या. दुपारी कामावरून जावईबापूंना ते काम आठवलं आणि मास्तर नक्की विसरतील असं वाटलं, कारण विसरलेल्या गोष्टींवरच त्यांच्या कंपनीचा व्यवसाय चालत होता. संध्याकाळी ते सुटाबुटात डॅशबोर्डखाली उताणे झाले आणि नाकावर गंज झेलत त्यांनी तारा बदलल्या. म्हणजे पूर्ववत केल्या. दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं.

इंजिन सुरू झालं. आल्टरनेटरने हलकी शीळ घातली. आणि काटा सर्रकन उण्याकडे जाऊन टोकाला आडवा झाला. जोर दिला तर तो आणखी आडवा. जावईबापूंनी झटकेमास्तरांना फोन केला. तारा बदलल्यात का, त्यांनी विचारलं. सकाळीच, मास्तर म्हणाले. मीही संध्याकाळी बदलल्या, जावईबापू म्हणाले. त्यावर फोनवर जी शांतता पसरली ती दोन सुशिक्षित कुटुंबांत स्थळ फिसकटल्यावर पसरते तशी होती. उद्या येऊन नीट करतो, मास्तर म्हणाले.

पण त्याच संध्याकाळी अप्पा परत आले. पिशवीही खाली न ठेवता गाडीत बसले, जावयाला इंजिन चालू करायला लावलं आणि भिंग काढलं. जावईबापूंनी मनातल्या मनात आपला दावा नामंजूर केला. अप्पांनी काट्याकडे बराच वेळ पाहिलं. काटा उण्याकडे, टोकाला. अप्पांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. काहीच बदललं नव्हतं. "तब्येत आहे तशीच आहे," ते म्हणाले. "घसा जरा बसल्यासारखा वाटतो."

बेल्ट आवळलाय, जावईबापू म्हणाले. खोटं नव्हतं ते.

आता त्यांची अवस्था बघा. काटा सुलटा करावा, तर अप्पांना कळतं की आत काहीतरी घडलंय. काटा तसाच ठेवावा, तर तपासणीचे साहेब म्हणणार की बॅटरी रिकामी होतेय. एका बाजूला सासरा, एका बाजूला सरकार, आणि मध्ये एक काटा, तोही खोटं बोलणारा. बायकोने सांगितलं, खरं काय ते अप्पांना सांगून टाक. जावईबापू म्हणाले, सांगतो. आणि तपासणीच्या दिवशी काटा उलटाच ठेवून, अप्पांना शेजारी बसवून, काही न सांगता निघाले.

तपासणीची शेड लांब, पत्र्याची, भरदुपारीही आत संध्याकाळ. समोरच्या टोकाला पांढरी भिंत, दिव्यांचा झोत तपासण्यासाठी. साहेबांनी बाईसाहेबांना ओळखलं आणि जावईबापूंनाही. 'इत्यादी' अजून त्यांच्या नजरेत होतं. इंजिन संथ ठेवा, दिवे लावा, म्हणाले.

जावईबापूंनी खटका ओढला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण शेडमधले सगळेच थांबले. भिंत एकदम पांढरी झाली. पिवळी नाही, दुधी नाही. पांढरी, जशी भिंत स्वतःच्या मनात असते तशी. पत्र्याच्या सांध्यांतली कोळिष्टकं तारेसारखी चमकू लागली. वर बसलेलं एक कबुतर सकाळ झाली समजून उडालं. साहेबांनी नकळत पेन खिशाला लावलं आणि ते खिशाच्या बाहेरून खाली पडलं. मागे रांगेत उभ्या ट्रकवाल्याने स्वतःच्या नव्याकोऱ्या गाडीचे दिवे मालवले. सभ्य माणूस असावा. आणि इंजिन तर नुसतं गुणगुणत होतं, जणू हे सगळं त्याने केलंच नाही. जावईबापूंना सगळं माहीत होतं: पट्टी पलंगाची, बेल्ट आवळलेला, तांब्याच्या वेटोळ्यांत एक लोहचुंबक फिरतोय, बाकी काही नाही. पण फिरणाऱ्या लोखंडातून हे निघतं? इतकं? त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला माहीत असलेली गोष्ट कळली नाही.

साहेब गाडीत डोकावले आणि त्यांना काटा दिसला. अरे, बॅटरी जाते आहे, म्हणाले. इतक्या वेगाने जाते आहे की हे दिवे आत्ता विझतील. विझले की नापास. आणि ते हाताची घडी घालून वाट बघू लागले.

दिवे विझले नाहीत. साहेबांनी खुर्ची मागवली. शिपाई खुर्ची घेऊन आला आणि स्वतःही थांबला. खिडकीवाला खिडकी बंद करून आला. काटा सांगत होता की सगळं संपत आलंय, आणि भिंत सांगत होती की आत्ता कुठे सुरू झालंय. चहा आला, तो निवला. जोर द्या, साहेब म्हणाले. जावईबापूंनी जोर दिला. काटा आणखी आडवा झाला, दिवे तसेच. संपता संपत नाही, शिपाई हळूच म्हणाला, जसं देवळात बोलतात तसं. साहेबांनी त्याला गप्प केलं नाही. त्यांच्या सगळ्या नोकरीत खर्च करून न संपणारी वस्तू त्यांनी पाहिली नव्हती, आणि ते सरकारात होते.

तेवढ्यात अप्पा वाचू लागले. समोरच्या भिंतीच्या कडेला एक जुनी पाटी होती. पेपरातला मथळासुद्धा लेकीकडून वाचून घेणारे अप्पा, भिंग गुडघ्यावर ठेवून, एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचत होते: "येथे... विनाकारण... थांबू नये." वाचून झाल्यावर त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग त्यांनी डॅशबोर्डावर हात ठेवला.

इतक्या मोठ्या उजेडात इतकं छोटं खोटं घेऊन बसणं जावईबापूंना जमेना. गाडी गेली तरी चालेल, असं त्यांना चक्क वाटलं, आणि ते सगळ्यांसमोर बोलले.

"अप्पा, डायनॅमो मी काढला. आत आल्टरनेटर आहे. काटा उलटा जोडलाय, तो खोटं सांगतोय. वीज जात नाहीये, येतेय. शब्द मोडला मी."

अप्पांनी मान वळवून आवाजाच्या दिशेने जावयाकडे पाहिलं. मग साहेबांकडे.

"जावई आहे," ते समजुतीने म्हणाले. "घाबरला की काहीही बोलतो. मनावर घेऊ नका."

जावईबापूंनी सांगितलं की खरंच. अप्पा म्हणाले, अहो, तुमच्याच्याने घरचा नळ बदलला गेला नाही. जावईबापूंनी पलंगाच्या पट्टीची साक्ष काढली. अप्पांनी साहेबांना विचारलं, शहाणा माणूस स्वतःचा पलंग गाडीत घालेल का. साहेबांना हा मुद्दा बिनतोड वाटला. शेवटी जावईबापू काकुळतीला येऊन म्हणाले, साहेब, बॉनेट उघडून बघा. साहेबांचा चेहरा गंभीर झाला. त्यांचं खातं दिवे आणि मीटर. बॉनेट उघडण्याचा अधिकार दुसऱ्या साहेबांचा, आणि ते रजेवर होते. बॉनेटखाली काय आहे याविषयी मत बनवणंसुद्धा आपल्या कक्षेबाहेरचं आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं. मात्र दिवे त्यांच्या कक्षेत येतात, आणि दिव्यांविषयी ते डोळ्यांनी जे बघत आहेत ते नाकारायला त्यांची जीभ रेटत नाही. त्यांनी पडलेलं पेन उचललं, उभे राहिले, आणि बसून लिहायचा कागद उभ्याने लिहिला.

"इतकी वर्षं थकल्यासारखं दाखवलं," अप्पा परत येताना बाईसाहेबांच्या दारावर थोपटत म्हणाले. "वेळ आल्यावर बघा." जावईबापू गाडी चालवत होते. त्यांच्याविषयी काही निघतं का म्हणून त्यांनी घरापर्यंत वेग कमी ठेवला. निघालं नाही. प्रमाणपत्राला चौकट करून अप्पांनी ते दिवाणखान्यात लावलं. येईल त्याला ते दाखवतात, आणि पाहुण्याला वाचता आलं नाही तर पाठ म्हणून दाखवतात.

जावईबापूंनी त्यानंतर काही दिवस कलत्या पलंगावर विचार केला, आणि मग कार्यालयात एक अर्ज दिला. पोच मिळाली आहे. अर्ज असा:

प्रति, मा. तपासणी अधिकारी (दिवे व मीटर). विषय : प्रमाणपत्रातील शेऱ्याची दुरुस्ती. महोदय, सदर वाहनाच्या प्रमाणपत्रात आपण 'वीज : अखंड. कारण : अज्ञात' असा शेरा दिला आहे. त्यातील पहिल्या भागास अर्जदाराची हरकत नाही. दुसऱ्या भागाबाबत अर्जदार आपल्यासमक्ष, सासऱ्यांसमक्ष व एका ट्रकचालकासमक्ष खुलासा करून चुकला आहे. तरी बॉनेटचे साहेब रजेवरून परत आल्यावर, उभय खात्यांच्या संयुक्त पाहणीअंती, 'कारण : अज्ञात' या जागी 'कारण : जावई' अशी दुरुस्ती करण्यात यावी, आणि तिची एक प्रत, मोठ्या अक्षरांत, सासऱ्यांना परस्पर पाठवण्यात यावी, ही नम्र विनंती.